शिशाची गोळी व रायफलीची नळी

ज्या बंदुकीच्या नळीच्या आतील पृष्ठभागावर मळसूत्राप्रमाणे वळत जाणाऱ्या खाचा पाडलेल्या असतात, तिला रायफल म्हणतात. गोळी या खाचांत घट्ट बसली, म्हणजे नळीतून पुढे सरकताना ती स्वतःभोवती फिरू लागते आणि या परिवलनामुळे नळीबाहेर पडल्यावरही तिची दिशा स्थिर राहते. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे चारशे वर्षे, रायफलीची गोळी शिशाची असे आणि तिला गती देणारी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे काळे मिश्रण असे. शिसे मऊ असल्याने ते खाचांत सहज बसते. परंतु मऊ असल्यामुळेच ते नळीला चिकटूनही राहते. काळी दारू जळताना नळीत काजळी व क्षार यांचा जाड थर सोडून जाते. या थरास येथे कीट असे म्हटले आहे. गोळी नळीत घट्ट बसावयास हवी आणि तरीही कीट साचलेल्या नळीत ती सहज उतरावयास हवी, अशा परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून रायफलीचा बराचसा विकास झाला. वंगण, कागद, चिंधी व धुण्याचे पाणी या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींना या इतिहासात मोठे स्थान आहे. यांपैकी एक, म्हणजे काडतुसाचे वंगण, १८५७ साली हिंदुस्थानात एका मोठ्या उठावाचे निमित्त ठरली. [⟶ बंदूक].

शिसे व काळी दारू : शिशाची घनता दर घ. सेंमी.ला ११·३४ ग्रॅम, म्हणजे लोखंडाच्या सु. दीडपट आहे. त्यामुळे लहान आकाराच्या गोळीतही पुरेसे वजन सामावते आणि हवेच्या रोधाने तिचा वेग लवकर कमी होत नाही. शिसे ३२७° से.ला वितळते. साध्या चुलीवर वा कोळशाच्या शेगडीवर ते वितळवून साच्यात ओतता येत असल्याने सैनिक, शिकारी व शेतकरी आपल्या गोळ्या स्वतःच तयार करीत. शिसे लोखंडी नळीपेक्षा कितीतरी मऊ असल्याने गोळीमुळे नळीची झीजही फारशी होत नाही.

काळ्या दारूत वजनाने साधारणतः ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक असते. अँड्रू नोबेल व फ्रेडरिक एबल या शास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात बंदिस्त पात्रात ही दारू जाळून जे मापन केले, त्यानुसार दारूच्या वजनापैकी सु. ४३ टक्के भागाचे वायूत रूपांतर होते, उरलेला सु. ५७ टक्के भाग घन पदार्थांच्या रूपाने मागे राहतो. यातील काही भाग धुराबरोबर बाहेर जातो व बाकीचा नळीच्या आतील बाजूस बसतो. त्यात पोटॅशियमाचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड ही लवणे मुख्यत्वे असतात. कोरड्या हवेत हा थर खापरासारखा कडक होतो, तर दमट हवेत तो हवेतील पाणी शोषून घेतो व नळीला गंज चढवितो. ही लवणे पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. नळी साफ करण्याच्या सर्व पारंपरिक पद्धती या एका गोष्टीवर आधारलेल्या आहेत.

ठासणीच्या रायफली : नळीत खाचा पाडण्याची कल्पना दक्षिण जर्मनी व त्याच्या आसपासच्या प्रदेशांत पंधराव्या शतकाच्या अखेरीस वा सोळाव्या शतकाच्या प्रारंभी उदयास आली. आरंभीच्या काही खाचा सरळ होत्या व कीट साठण्यास जागा मिळावी, हा त्यांचा हेतू असावा, असे एक मत आहे. पीळदार खाचांमुळे नेम सुधारतो, हे शिकाऱ्यांच्या अनुभवास लवकरच आले. परंतु त्याची शास्त्रीय मीमांसा बेंजामिन रॉबिन्स (१७०७–५१) या इंग्रज गणितज्ञाने प्रथम केली. १७४२ मध्ये त्याचा तोफशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १७४७ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे खाचांच्या नळीवरील निबंध वाचला. ज्या राष्ट्राला रायफलीचे मर्म पूर्णपणे उमगेल व जे तिचा आपल्या सैन्यात सर्रास वापर करील, त्याचे वर्चस्व इतरांवर राहील, असे भाकीत त्याने केले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची दुरुस्ती करण्यासाठी तो हिंदुस्थानात आला व कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात १७५१ साली मरण पावला.

त्याचे भाकीत खरे ठरण्यास आणखी शंभर वर्षे लागली. कारण रायफल भरण्यास फार वेळ लागे. त्या काळच्या ब्रिटिश पायदळाच्या साध्या बंदुकीचा अंतर्व्यास सु. १९ मिमी., तर गोळीचा व्यास सु. १७·५ मिमी. असे. या सैलपणामुळे कीट साचलेल्या नळीतही गोळी घरंगळत खाली जाई व कवायती शिपाई मिनिटाला तीन बार काढू शकत. पण शंभर मीटरपलीकडे नेमाची खात्री नसे. रायफलीत मात्र गोळी घट्ट बसावी लागे. काही बारांनंतर नळी कीटाने आवळली जाऊन गजाच्या जोरानेही गोळी उतरेनाशी होई. १८०० साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या बेकर रायफलीबरोबर प्रारंभी गोळी ठोकण्यासाठी लाकडी हातोडी दिली जाई, यावरून या अडचणीची कल्पना येते.

या अडचणीवरील पहिला यशस्वी उपाय म्हणजे वंगण लावलेली चिंधी. जर्मन शिकाऱ्यांनी रूढ केलेली व पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी अमेरिकेत नेलेली ही पद्धत साधी होती. नळीच्या व्यासाहून किंचित लहान गोळी चरबी, तेल वा थुंकी लावलेल्या तागाच्या कापडाच्या तुकड्यावर ठेवून दोन्ही एकदम गजाने खाली दाबीत. कापड खाचांत बसे व गोळीला पीळ देई. शिसे लोखंडाला प्रत्यक्ष लागत नसल्याने नळीवर शिसे चढत नसे आणि प्रत्येक वेळी गोळी भरताना ओले कापड आधीच्या बाराचे कीट पुसून खाली नेई. भरणे व पुसणे या दोन क्रिया अशा रीतीने एकच झाल्या. आजही ठासणीच्या रायफलीने नेमबाजी करणारे गोल गोळीसाठी हीच पद्धत वापरतात. तथापि रणांगणावरील पलटणीला ही कृती सोयीची नव्हती.

महाराष्ट्रातील व एकंदरीतच हिंदुस्थानातील तोड्याच्या बंदुका बहुतांशी गुळगुळीत नळीच्या होत्या. त्यांच्या लांब व जाड नळ्यांमुळे त्यांचा पल्ला चांगला असे. परंतु खाचांच्या नळीचा सैन्यात मोठ्या प्रमाणावर वापर येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी झाला नाही.

पसरणारी गोळी : गोळी नळीत सैल उतरावी, पण बाहेर पडताना मात्र घट्ट व्हावी, असा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शोधला जाऊ लागला. ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन जॉन नॉर्टन दक्षिण हिंदुस्थानात असताना त्याने फुंकनळीतून सोडावयाचे बाण पाहिले. बाणाच्या बुडाशी लावलेला मऊ गाभा फुंकरीने पसरून नळी बंद करतो, हे पाहून त्याला पोकळ बुडाच्या गोळीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. फ्रान्समध्ये देल्व्हीन्य याने १८२६ मध्ये नळीच्या बुडाशी अरुंद कोठी ठेवून तिच्या काठावर गोळी गजाने ठोकून पसरविण्याची युक्ती काढली. परंतु ठोकण्याने गोळी वेडीवाकडी होई. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिन्ये याने लांबट, पुढे निमुळती व बुडाशी पोकळ गोळी तयार केली आणि तिच्या पोकळीत लोखंडी वाटी बसविली. दारूच्या वायूचा दाब वाटीवर पडून ती गोळीत घुसे व गोळीचे मऊ शिसे बाजूंना पसरून खाचांत भरे. वाटीशिवायही केवळ वायूच्या दाबाने पोकळ बूड पसरते, असे लवकरच दिसून आले. या शोधामुळे रायफल साध्या बंदुकीइतक्याच वेगाने भरता येऊ लागली आणि तिचा उपयुक्त पल्ला अनेक पटींनी वाढला. ब्रिटिश सरकारने मिन्ये याला या शोधाबद्दल २०,००० पौंड दिले.

या सर्व योजनेचा आधार शिशाचा मऊपणा हाच होता. कठीण मिश्रधातूची गोळी तितक्या दाबाखाली पसरली नसती. मात्र गोळी सैल असली, तरी तिच्यावर वंगण असणे अटळ होते. वंगण नसेल तर कीट कोरडे व कडक होई, शिसे नळीला चिकटे आणि काही बारांतच रायफल निकामी होई. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) याच अडचणीपायी विल्यम्स याची ‘सफाईची गोळी’ उत्तरेच्या सैन्याला पुरविण्यात आली. तिच्या बुडाशी जस्ताची चकती असे. बार होताच ही चकती सपाट होऊन नळीच्या व्यासाइतकी पसरे व आधीचे कीट खरवडून बाहेर नेई. काडतुसांच्या पुडक्यात साध्या गोळ्यांबरोबर अशा काही गोळ्या बांधलेल्या असत.

एन्फील्ड काडतूस व १८५७ : ब्रिटिश सैन्याने १८५३ मध्ये स्वीकारलेली एन्फील्ड रायफल या विकासाचा परिपाक होती. तिच्या ९९ सेंमी. लांबीच्या नळीचा अंतर्व्यास १४·६६ मिमी. असून आत तीन उथळ खाचा होत्या. गोळीचे वजन सु. ३४ ग्रॅम व दारूचे सु. ४·४ ग्रॅम होते. गोळीचा व्यास १४·४३ मिमी. असल्याने नळीत तिच्याभोवती फारच थोडी जागा उरे. दारू व गोळी कागदी काडतुसात गुंडाळलेली असून गोळीकडील भाग बाहेरून चरबी व मेण यांच्या मिश्रणात बुडविलेला असे. शिपायाने दारूकडील टोक दाताने तोडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, काडतूस उलटे करून वंगण लावलेले टोक नळीच्या तोंडात बसवावयाचे, वरचा रिकामा कागद फाडून टाकावयाचा व गोळी गजाने खाली दाबावयाची, अशी कवायत होती. गोळीभोवती राहिलेला वंगणयुक्त कागद जुन्या शिकाऱ्यांच्या चिंधीचे काम करी.

दाताने तोडावयाचे टोक व वंगणाचे टोक ही वेगवेगळी होती, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. परंतु उष्ण हवेत वंगण पातळ होऊन पुडक्यात पसरणे शक्य होते. शिवाय काडतूस हातात धरावेच लागे. शिपायांचा आक्षेप वंगणात कोणत्या जनावराची चरबी आहे, हा होता. गाईची असेल तर हिंदूंना व डुकराची असेल तर मुसलमानांना ती निषिद्ध होती. हा प्रश्न अनपेक्षितही नव्हता. १८५३ मध्ये ही काडतुसे हवामानाचा परिणाम पाहण्यासाठी हिंदुस्थानात आली, तेव्हा बंगाल सैन्याचा ॲड्‌ज्युटंट जनरल कर्नल टकर याने त्या वर्षीच्या डिसेंबरात लेखी इशारा दिला होता की, वंगण शिपायांच्या धर्मभावनांना बाधक नाही अशी खात्री झाल्याविना ती एतद्देशीय पलटणींना देऊ नयेत. या इशाऱ्याची योग्य ती दखल घेतली गेली नाही. पुढे कलकत्त्यास काडतुसे तयार होऊ लागली, तेव्हाही आक्षेपार्ह चरबी येऊ नये म्हणून खास खबरदारी घेतली गेली नव्हती, हे चौकशीत मान्य करण्यात आले.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडमच्या प्रशिक्षण केंद्रात ही वार्ता फुटली व छावण्यांतून पसरली. त्याच महिन्यात शिपायांनी स्वतः आणलेले मेण वा तेल-तूप वापरावे, अशी मुभा सरकारने दिली. पण तोपर्यंत संशय काडतुसाच्या चकचकीत कागदापर्यंत पोहोचला होता. २६ फेब्रुवारी रोजी बहरामपूर (बंगाल) येथील १९ व्या पलटणीने काडतुसांच्या टोप्या घेण्याचे नाकारले. २९ मार्च रोजी बराकपूर येथे मंगल पांडे याने उठाव केला. काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याची नवी कवायत आली, तरी अविश्वास कमी झाला नाही. २४ एप्रिल रोजी मीरत येथे तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली. ही काडतुसे जुन्याच पद्धतीची होती, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. ९ मे रोजी या स्वारांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकण्यात आल्या व दुसऱ्या दिवशी मीरतचा उठाव झाला. संस्थानांचे विलीनीकरण, जमीनमहसुलाची धोरणे, सैनिकांचे वेतन व सेवाशर्ती, धर्मांतराची भीती अशी या उठावाची अनेक कारणे होती. केवळ काडतुसाने तो घडला, असे म्हणता येत नाही. परंतु ज्यांनी ते वापरावयाचे, त्यांना न विचारता त्यातील पदार्थ ठरविला गेला आणि नंतर दिलेल्या खुलाशावर कोणाचाच विश्वास बसला नाही, एवढे खरे. वरसई (जि. रायगड) येथील विष्णुभट गोडसे यांच्या माझा प्रवास या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतातही काडतुसांच्या या वार्तेचा उल्लेख आहे.

तांत्रिक दृष्ट्याही चरबीची निवड चुकीची होती. जनावराची चरबी ४०° से.च्या सुमारास वितळू लागते. हिंदुस्थानातील उन्हाळ्यात दारूगोळ्याच्या पेटीत इतके तापमान सहज होते. चरबी कागदात मुरून गेल्यावर गोळीवर वंगण उरत नसे. दिल्ली व लखनौ येथील लढायांत कंपनीच्या बाजूने लढणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या रायफलींत गोळ्या अडकू लागल्या व गज भिंतीवर आपटून त्या खाली दाबाव्या लागल्या, अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यानंतर गोळीचा व्यास १३·९७ मिमी. इतका कमी करण्यात आला, ती पसरावी म्हणून बुडाच्या पोकळीत प्रथम लाकडी व पुढे भाजलेल्या मातीचा गट्टू घालण्यात आला आणि वंगण म्हणून मधमाश्यांचे मेण वापरात आले. मेण ६२° ते ६४° से.ला वितळते व त्यास कोणत्याही धर्माचा आक्षेप नव्हता. जे वंगण हिंदुस्थानच्या हवामानाला व शिपायांच्या भावनांना मुळातच मानवले असते, ते उठावानंतर स्वीकारले गेले. उठावानंतर काही काळ एतद्देशीय पलटणींना मात्र एन्फील्डसारखीच दिसणारी पण खाचा नसलेली, गुळगुळीत नळीची बंदूक देण्यात आली.

पश्चभरण रायफली : पाठीमागून भरावयाच्या रायफलींत गोळी नळीच्या तोंडातून खाली ढकलावी लागत नाही. त्यामुळे ती प्रथमपासूनच खाचांच्या व्यासाइतकी वा किंचित मोठी ठेवता येते. ब्रिटनने १८६६ मध्ये एन्फील्ड रायफलींच्या बुडाशी स्नायडर याची झडप बसविली व १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री ही नवी रायफल स्वीकारली. तिचा अंतर्व्यास ११·४३ मिमी., गोळीचे वजन सु. ३१ ग्रॅम व दारूचे सु. ५·५ ग्रॅम होते. गोळीचा वेग सेकंदाला ४०० मी.हून अधिक असल्याने शुद्ध शिसे पुरेना; म्हणून बारा भाग शिशात एक भाग कथिल मिसळीत. गोळीभोवती कागद गुंडाळलेला असे व तिच्या मागे, पुठ्ठ्याच्या चकत्यांच्या मध्ये, मेणाची चकती ठेवलेली असे. ती प्रत्येक बाराला वितळून नळीतील कीट मऊ ठेवी. अमेरिकेतील त्याच काळच्या रायफलींत कागदाऐवजी गोळीच्या अंगावर आडवे पन्हळ पाडून त्यांत वंगण भरण्याची पद्धत प्रचारात आली.

लहान व्यासाच्या नळीत कीट लवकर साचते. षट्कोनी छेदाच्या नळीची व्हिटवर्थ रायफल अचूकतेत एन्फील्डपेक्षा कितीतरी सरस ठरली होती. १८६० मध्ये विंबल्डन येथील राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांचे उद्‌घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीचा बार काढून केले. तरीही किंमत व कीटाची अडचण यांमुळे सैन्याने ती सार्वत्रिक वापरासाठी स्वीकारली नाही. स्पर्धांतील नेमबाज मात्र प्रत्येक बारानंतर नळी पुसत. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे झालेल्या प्रसिद्ध सामन्यात आयरिश संघ ठासणीच्या व अमेरिकन संघ पश्चभरण रायफली घेऊन उतरला आणि अमेरिकन संघाने ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी विजय मिळविला. ठासणीची रायफल अचूकतेत किती पुढे गेली होती, हे या थोडक्या फरकावरून दिसते.

निर्धूम दारू व कवचयुक्त गोळी : फ्रान्समध्ये पॉल व्ह्येय याने १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार केली व १८८६ च्या लेबेल रायफलीत ती प्रथम वापरली गेली. गोळीचा वेग सेकंदाला ६०० मी.च्या वर गेला. या वेगाला व उष्णतेला उघडे शिसे टिकेना. ते खाचांवरून घसरून नळीत पसरू लागले. म्हणून शिशाच्या गाभ्यावर तांबे-निकेलसारख्या धातूचे कवच चढविण्यात आले. ब्रिटनच्या १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीतील उथळ व गोलाकार खाचा काळ्या दारूचे कीट साचू नये म्हणूनच योजलेल्या होत्या. परंतु कॉर्डाइट या निर्धूम दारूच्या उष्णतेने त्या लवकर झिजू लागल्या. त्यामुळे १८९५ मध्ये खोल व चौकोनी खाचांची ली-एन्फील्ड नळी आली. एका अडचणीवरील उपाय परिस्थिती बदलताच दोष ठरल्याचे हे बोलके उदाहरण होय. हिंदुस्थानात काडतुसांचे उत्पादन डमडमप्रमाणे पुण्याजवळील खडकी येथेही होऊ लागले. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

निर्धूम दारूने कीट जवळजवळ नाहीसे झाले, तरी नळ्या गंजतच राहिल्या. दोष नव्या दारूतील आम्लाचा, असा समज बराच काळ होता. काडतुसाच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड हे मिठासारखे लवण नळीत राहते व ते हवेतील ओलावा शोषून गंज चढविते, हे अमेरिकेच्या खाणखात्याच्या १९२२ मधील संशोधनाने स्पष्ट झाले. काळ्या दारूच्या काळात शिपाई नळी पाण्याने धूत असल्याने हे लवणही आपोआप निघून जाई. निर्धूम दारूबरोबर पाण्याचा वापर सुटला व दोष उघड झाला. म्हणून सैन्यात उकळत्या पाण्याने नळी धुण्याचा नियम पुढेही चालू राहिला. १९२० च्या दशकात जर्मनीत गंज न आणणाऱ्या टोप्या तयार झाल्या व क्रमाक्रमाने त्या सर्वत्र रूढ झाल्या.

नळीची सफाई : काळ्या दारूची रायफल वापरली त्याच दिवशी साफ करावी लागते, दमट हवेत, विशेषतः कोकणासारख्या किनारी प्रदेशात, एका रात्रीतही गंज धरतो. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करतात. ठासणीच्या रायफलीत गज नळीत सोडून व त्याची बाहेरील लांबी मोजून हे पाहता येते. नळी लाकडी दस्त्यापासून सुटी होत असल्यास तिचे बूड पाण्याच्या बादलीत ठेवतात आणि गजाच्या टोकाला कापड गुंडाळून ते पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे वरखाली करतात. बुडाच्या छिद्रातून पाणी आत-बाहेर होऊन काळे कीट सुटते. पाणी स्वच्छ येईपर्यंत ही क्रिया चालते. शेवटी उकळते पाणी ओततात. त्याने तापलेली नळी आपोआप लवकर कोरडी होते. नंतर कोरड्या कापडाने पुसून तेलाचा पातळ हात देतात. धुण्यापूर्वी तेल लावल्यास लवणे तेलाखाली झाकली जातात व आतल्या आत गंज चालू राहतो. पुन्हा बार काढण्यापूर्वी हे तेल पुसून टाकावे लागते. काळ्या दारूबरोबर खनिज तेल डांबरासारखा चिकट थर तयार करते. म्हणून गोळीच्या वंगणासाठी मेण, प्राणिज चरबी वा वनस्पतिजन्य तेल हीच आजही वापरतात.

पश्चभरण रायफल शक्यतो बुडाकडून साफ करतात. नळीच्या तोंडाची कड अचूकतेच्या दृष्टीने फार महत्त्वाची असून गजाच्या घर्षणाने ती झिजली, तर गोळी बाहेर पडताना एका बाजूने वायू निसटतो व नेम चुकतो. अनेक जुन्या लष्करी रायफली गोळ्यांमुळे झिजण्याऐवजी सफाईच्या गजामुळेच झिजलेल्या आढळतात. ब्रिटिश सैन्यात यासाठी पितळी वजन लावलेली दोरी बुडाकडून सोडून तिच्यामागे चार इंच लांब व दोन इंच रुंद फलालीनचा तुकडा ओढण्याची पद्धत होती.

नळीवर शिसे चढणे ही वेगळी अडचण आहे. हे शिसे पाण्याने वा तेलाने निघत नाही. काशाच्या तारांच्या ब्रशाने ते खरवडावे लागते. ते नळीत कोठे चढले आहे, यावरून कारण ओळखता येते. बुडाजवळ पट्टे दिसल्यास गोळी लहान असून तिच्या कडेने तप्त वायू निसटतो व शिसे वितळवितो, असे समजतात; तोंडाजवळ दिसल्यास वंगण अपुरे पडले, असे मानतात. केवळ कठीण मिश्रधातू वापरल्याने ही अडचण दूर होत नाही. कमी दाबाच्या काळ्या दारूत कठीण गोळी पसरत नाही, वायू कडेने निसटतो व शिसे अधिकच चढते. गोळीचा व्यास खाचांच्या व्यासाहून मिलिमीटरचा काही शतांश भाग मोठा असणे, बूड सपाट व अखंड असणे आणि वंगण पुरेसे असणे या तीन गोष्टी धातूच्या कठीणपणाहून महत्त्वाच्या ठरतात. अमेरिकन संशोधक फ्रँकलिन मान याने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून गोळीच्या टोकातील दोषांपेक्षा तिच्या बुडातील दोष नेमाला अधिक बाधक असतात, हे दाखवून दिले. वेग अधिक हवा असल्यास बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवितात.

गोळ्या ओतताना वितळलेल्या शिशात थोडे मेण टाकून ढवळतात, म्हणजे मळ वर येतो व कथिल शिशात नीट मिसळून राहते. साचा थंड असल्यास गोळीवर सुरकुत्या पडतात. शिशाची भुकटी व वाफ विषारी असल्याने हे काम मोकळ्या हवेत करतात आणि नंतर हात धुतल्याशिवाय काही खात नाहीत. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अल्प प्रमाणातील शिसेही अपायकारक असते. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडल्यास स्फोटासारखी उसळी येऊन गंभीर इजा होते.

आधुनिक काळ : सैन्यातून बाद झाल्यावरही काळ्या दारूच्या रायफलींची नेमबाजी क्रीडाप्रकार म्हणून टिकून राहिली. अमेरिकेत १९३३ साली ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व १९७१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. त्यांतील काही प्रकारांना मिन्ये व व्हिटवर्थ यांची नावे देण्यात आली आहेत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीसाठी परवाना लागतो व वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीवर बंदी आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडवा समाजास परवान्यातून सवलत असून तेथील कैलपोळ्द या सणाला बंदुका स्वच्छ करून त्यांची पूजा करतात. महाराष्ट्रातही खंडेनवमी-दसऱ्याला शस्त्रे घासूनपुसून पूजण्याची प्रथा आहे. जुन्या वाड्यांत व संग्रहांत असलेल्या ठासणीच्या बंदुकांत कित्येक दशकांपूर्वी भरलेला बार तसाच राहिलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिल्यास दीर्घकाळ निकामी होत नाही; म्हणून अशी बंदूक हाताळण्यापूर्वी जाणकाराकडून ती तपासून घेणे आवश्यक असते.

शिशाच्या गोळ्यांचा पर्यावरणावरील परिणाम हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आलेला प्रश्न आहे. शिकारीत मेलेल्या जनावरांच्या मांसातील शिशाचे कण खाऊन गिधाडवर्गीय पक्ष्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियातील काँडोर पक्ष्याच्या ऱ्हासाचे हे एक प्रमुख कारण ठरले. तेथे १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी आहे. तांब्याच्या गोळ्या आधुनिक रायफलींना चालतात. पण जुन्या रायफलींच्या उथळ खाचांना व कमी दाबाला शिशाइतका मऊ व जड पर्याय मिळणे कठीण आहे. त्यामुळे नेमबाजीच्या मैदानांवर मातीच्या बांधातून शिसे गोळा करून ते पुन्हा वितळविण्याची पद्धत वाढत आहे.